रेघेपलीकडचं दूध

वेढे तालुका सहकारी दूध संघाचे चेअरमन आजारी पडतात ते ठरलेल्या तारखेलाच. मुदत पाच वर्षांची, गट चार, म्हणून प्रत्येक गटाच्या वाट्याला सव्वा वर्ष. सव्वा वर्ष भरलं की चालू चेअरमन 'प्रकृतीच्या कारणास्तव' राजीनामा देतो, त्याच दिवशीच्या पंगतीत पुन्हा पुन्हा रस्सा मागून घेतो, आणि पुढचा चेअरमन फेटा बांधून खुर्चीत बसतो. आजवर या खुर्चीनं डझनभर माणसांची प्रकृती बिघडवली. ती सगळी माणसं आजही ठणठणीत आहेत.

दौलतराव शेंडगे खुर्चीत बसले तेव्हा संघात दोन नव्या गोष्टी आल्या होत्या. पहिली म्हणजे बिनड्रायव्हरचे टँकर. ते आपोआप गावोगाव दूध गोळा करत आणि वाटेत शेळी आडवी आली तर शेळीची मर्जी होईपर्यंत उभे राहत. दुसरी गोष्ट म्हणजे यंत्र. सरकारनं कायदाच केला होता की कोणत्याही सहकारी संस्थेनं मोठा निर्णय घेण्याआधी तो यंत्रावर चालवून पाहावा. कागदोपत्री त्याचं नाव 'समग्र परिणाम अनुमान प्रणाली' होतं. ते म्हणून होईपर्यंत दूध नासलं असतं, म्हणून लोक त्याला 'गुरुजी' म्हणत.

गुरुजींसोबत तन्वी लोहकरे नावाची इंजिनियर मुलगी आली होती. तिला पंचविशीतच सगळ्या जगाचा शांतपणे कंटाळा आला होता.

"म्हणजे हे भविष्य सांगतंय?" दौलतरावांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"नाही साहेब. भविष्य सांगणारा दक्षिणा घेतो. हे फक्त वीज घेतं."

तन्वीनं त्यांना जे समजावलं ते असं. गुरुजींच्या पोटात अख्खा तालुका होता. प्रत्येक गाईच्या गळ्यात पट्टा होता. ती किती चालली, किती रवंथ केला, अंग गरम आहे का, हे तो पट्टा कळवायचा. वासरांच्या कानात बिल्ले होते. दुधाचे आकडे, चाऱ्याचे भाव, विहिरींची पातळी, झालंच तर गावोगावच्या मोबाइल ग्रुपवर कोण कुणावर रुसलंय, हेही आत जात होतं. मग यंत्र कशाचा कशाशी धागा आहे ते शोधायचं. काही धागे स्वतःलाच फिरून येऊन मिळतात. त्यातला एक फेरा वाढवणारा: एकानं ट्रॅक्टर घेतला म्हणून दुसऱ्यानं घेतला, दुसऱ्यानं घेतला म्हणून पहिल्यानं आणखी मोठा घेतला. दुसरा फेरा सावरणारा: ट्रॅक्टर इतके झाले की भाड्यानं कुणी बोलावेना, मग घेणं थांबलं. असे हजारो फेरे एकमेकांत गुंतवून यंत्र तो तालुका पुन्हा पुन्हा जगून पाहायचं. कधी पाऊस जास्त धरून, कधी कमी धरून, कधी सरपंच पळून गेला असं धरून. आणि बहुतेक वेळा काय होतं ते पडद्यावर एका रेघेनं दाखवायचं.

"आणि सगळ्यात फसवा असतो तो उशीर," तन्वी म्हणाली. "तुम्ही लॉजवर अंघोळीला गेलात. गरम नळ सोडला, पाणी गार. आणखी सोडला, तरी गारच. वैतागून पूर्ण सोडला, आणि मग एकदम पाठ भाजली. निर्णय आणि परिणाम यांच्यामध्ये पाइप असतो साहेब. गरम पाणी निघालेलं असतं, पोचलेलं नसतं."

"आपल्या धंद्यात पाइप केवढा?"

"वासरू जन्मल्यापासून ते गाय होऊन दूध देईपर्यंत. दोन-अडीच वर्षं धरा."

दौलतरावांनी मनात सव्वा वर्ष मोजलं. "मग पाठ कुणाची भाजते?"

"तेव्हा जो अंघोळीला असेल त्याची."

दौलतरावांना हे शास्त्र फार आवडलं.

त्यांना आमदारकीचं तिकीट हवं होतं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या सभांच्या खुर्च्या मांडल्यावर माणसाला एखाद्या खुर्चीत बसावंसं वाटतं, यात गैर काही नाही. पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी खासगीत सांगितलं होतं, "दौलतराव, काहीतरी विक्रमी करून दाखवा. आकडा पाहिजे, आकडा." तेव्हा या सव्वा वर्षात दूध संकलन विक्रमी व्हायला हवं होतं.

दर वाढवायला तिजोरी परवानगी देईना. मग त्यांना ती कल्पना सुचली.

"सत्कार करायचा," ते तन्वीला म्हणाले. "दर महिन्याला सगळ्यात जास्त दूध देणाऱ्या गाईचा. शाल, श्रीफळ, हार, मिरवणूक."

"गाईचा?"

"मालकाचा केला तर बाकीचे म्हणतील पुढाऱ्याचा माणूस म्हणून केला. गाय कुठल्याच गटाची नसती."

तन्वीनं ते यंत्रात घातलं. मागच्याच आठवड्यात तिनं 'ईर्षा' नावाचा एक धागा यंत्राला नव्यानं शिकवला होता, कारण त्याच्याशिवाय वेढे तालुक्यातल्या कोणत्याच गोष्टीचा मेळ बसत नव्हता. दर वाढवला की दूध इंचभर वाढायचं. पण शेजाऱ्याच्या लग्नात आपल्याला फेटा बांधला नाही, तर माणूस चार वर्षं जेवायला जायचा नाही. पडद्यावरची रेघ उठली ती थेट छताकडे निघाली. दौलतराव खूश होऊन बघत राहिले. मग रेघ एका जागी थबकली, वाकली, आणि पुढे काय होतंय ते दिसायच्या आत दौलतराव म्हणाले, "थांब."

"साहेब, पुढचं..."

"माझी मुदत कुठं संपती?"

तन्वीनं पडद्यावर एक उभी रेघ ओढली.

"तिच्या पुढचं झाक. पुढचं पुढचा चेअरमन बघंल. दुसऱ्याच्या कारभारात आपण डोकावायचं नसतं."

कायद्यात लिहिलं होतं की निर्णय यंत्रावर चालवून पाहावा. कुठवर पाहावा हे लिहायचं राहून गेलं होतं. तन्वीनं खांदे उडवले आणि उभ्या रेघेच्या उजवीकडचा पडदा काळा केला.

पहिला सत्कार कोळपेवस्तीच्या राणी नावाच्या गाईचा झाला. निवेदकानं 'सत्कारमूर्तींचा अल्प परिचय' वाचून दाखवला: जन्म, वेत, वंश, शिक्षण नाही. शाल पांघरली. श्रीफळ पुढ्यात ठेवलं, ते राणीनं हुंगून बाजूला सारलं. हार घातला तो तिनं खाल्ला, आणि तो संपल्यावर प्रमुख पाहुण्यांच्या गळ्यातला खायला घेतला. पाहुणे हसतमुख राहिले, कारण फोटो चालू होते. राणीच्या वतीनं बबन कोळपे मनोगत व्यक्त करताना गहिवरले. त्यांच्या स्वतःच्या लग्नातसुद्धा त्यांना कुणी माइक दिला नव्हता.

पुढच्या महिन्यापासून तालुक्याला काय झालं ते तालुक्यालाच कळेना. चौकाचौकात गाईंचे फ्लेक्स लागले. मधोमध गाय, खाली गोल चौकटींत 'शुभेच्छुक' म्हणून घरची माणसं, आणि अगदी कोपऱ्यात वासरं. मुलीकडचे लोक स्थळ बघायला आले की पोराआधी गोठा बघायचे. दोन वस्त्यांमध्ये मारामारी झाली, कारण एका वस्तीनं आपल्या गाईच्या नावामागे 'श्रीमती' लावलं.

आणि दूध वाढलं. असं वाढलं की टँकरांना दोन-दोन खेपा कराव्या लागल्या.

दौलतरावांची मुलगी प्रतीक्षा शेरेवाडीला दिली होती. तिचे सासरे माणिकराव खरात संघाचेच संचालक, आणि वाटणीप्रमाणे पुढची सव्वा वर्षं त्यांची. घरचा गोठा मात्र प्रतीक्षाच चालवायची. तिच्या चांदणी गाईचा सत्कार झाला त्या दिवशी दौलतराव चेअरमन म्हणून मंचावर होते. शाल पांघरताना त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिच्या पदवीच्या दिवशीही नव्हतं.

समारंभानंतर ते तिच्या घरी चहाला गेले. गोठ्याच्या कडेला कालवडी बांधल्या होत्या. कालवड म्हणजे गाईचं मादी वासरू, पुढची गाय. या कालवडींच्या बरगड्या दिसत होत्या. त्यातली एक दावं चघळत होती.

"हिला दूध पाजतेस ना?" दौलतरावांनी सहज विचारलं.

"पान्हा सोडण्यापुरतं तोंड लावू देते. मग ओढून घेते. बाकी पेज देते, पावडर देते," प्रतीक्षा म्हणाली. "सगळीच तसं करत्यात आता आबा. तांब्याभर दूध वासराच्या पोटात गेलं तर नंबर जातो. वजनं जरा कमी भरत्यात." तिनं कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला. "पण यंत्रावर बघूनच योजना आणलीय ना तुम्ही? पुढं काय वंगाळ दिसलं असतं तर तुम्ही सांगितलंच असतं की मला."

कालवडीनं दावं सोडलं आणि दौलतरावांकडे पाहिलं.

"बघितलंय की," दौलतराव म्हणाले. "सगळं बघितलंय."

चहा चांगला झाला होता. त्यांना तो जरा जड गेला.

सव्वा वर्ष भरलं. आकडा विक्रमी होता. जिल्हाध्यक्षांनी पाठीवर थाप मारली होती, आणि पक्षाचे निरीक्षक दिवाळीनंतर नाव पक्कं करायला येणार होते. दौलतरावांनी राजीनाम्याला शोभेल असा हलका खोकला आठवडाभर आधीपासून सुरू केला. माणिकरावांनी नवं जाकीट शिवलं होतं, 'नूतन चेअरमन' असे फ्लेक्सही तयार होते. बैठकीला सहायक निबंधक आले. दौलतरावांची प्रकृती बिघडली, सर्वांनी हळहळ व्यक्त केली, आणि निबंधकांनी विचारलं, "नवीन चेअरमन म्हणून कुणाचं नाव?"

सगळ्यांनी माणिकरावांकडे पाहिलं. माणिकराव उठले.

"प्रकृतीच्या कारणास्तव," ते म्हणाले, "मला हे पद स्वीकारता येत नाही."

सभागृहात अशी शांतता पसरली की बाहेर शेळीसमोर थांबलेल्या टँकरचा भोंगा ऐकू आला. खुर्ची सोडताना आजारी पडण्याची रीत होती. खुर्चीत बसायच्या आधीच कुणी आजारी पडलं नव्हतं.

"मग वाघमोडे?" निबंधक म्हणाले.

वाघमोडेंना बीपी निघाला. गलांड्यांची कंबर धरली. पिसाळांची तब्येत उत्तम होती, पण त्यांच्या मिसेसची नव्हती. इतके धडधाकट संचालक एकाच टेबलाभोवती एकाच वेळी आजारी पडलेले पाहून निबंधकांनी जगमधलं पाणी तपासायला पाठवलं आणि नियम वाचून दाखवला: नवा चेअरमन निवडला जाईपर्यंत जुना चेअरमन कामकाज पाहील. सोडलेला फेटा दौलतरावांच्या मांडीवर होता. तो शिपायानं पुन्हा त्यांच्या डोक्यावर ठेवला.

बाहेर जिन्यात त्यांनी व्याह्यांना गाठलं. "काय हो पाव्हणं, ही कुठली तऱ्हा?"

"तऱ्हा तुमची, व्याही," माणिकराव शांतपणे म्हणाले. "परवा मी त्या पोरीकडं गेलो. म्हणलं, माझी सव्वा वर्षं दाखव. तिनं दाखवली. तुम्ही जेवून उठलात आणि माझ्या ताटात काय वाढून ठेवलंत ते बघितलं मी. मग बाकीच्यांनीबी बघितलं." त्यांनी नव्या जाकिटाची बटणं लावली. "लेक दिलीया तुम्ही माझ्या घरात. तेवढं तरी बघायचं."

दौलतराव तडक तन्वीच्या खोलीत गेले.

"तुझ्या गुरुजीला हे कसं दिसलं नाही? कुणीच खुर्ची घेणार नाही हे?"

"त्याला मागचं सगळं शिकवलंय साहेब. महाराष्ट्रातल्या सगळ्या सहकारी संस्थांचं. त्यात खुर्ची नको म्हणणारा माणूस एकदाही आलेला नाही. जे कधी घडलंच नाही ते त्याला कुठून सुचणार?" तिनं खुर्ची वळवली. "आणि माझंही चुकलं. आपण यंत्राकडे बघतो तेव्हा आपण त्या तालुक्याच्या बाहेर असतो असं धरून चाललो. अंदाज बघणारा माणूस बघून झाल्यावर वेगळं वागतो. तोही एक धागाच. तो मी घातला नव्हता. बहुतेक तुमचं नावही नाही त्यात."

"माझं?"

"तुम्ही सांगितलं होतंत की मुदत संपली की तुमचा संबंध संपला."

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षा ऑफिसात आली. शिपायानं चहा आणला, तो तिनं परत पाठवला. दौलतराव म्हणाले, "बस की." ती बसली नाही.

"मामंजींनी सांगितलं. खरं का?"

"काय?"

"तुम्ही पुढचं बघितलंच नव्हतं."

"नव्हतं."

"आणि मला म्हणालात सगळं बघितलंय."

दौलतरावांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "अगं, मला कुठं माहीत होतं कालवडींचं? झाकलेलं होतं ते."

"कुणी झाकलं?"

पेपरवेट थांबला.

"आबा, तिथं काहीतरी हाय हे ठाऊक असल्याबिगर माणूस झाका म्हणत नाही," प्रतीक्षा म्हणाली. तिचा आवाज वाढला नव्हता. वाढला असता तर बरं झालं असतं असं दौलतरावांना वाटलं. "मी वासरांच्या तोंडातून दूध ओढून काढलं. रोज दोन वेळा. ती हंबरायची तेव्हा मी मोबाइलवर गाणी लावायची. यंत्राच्या भरवशावर नाय केलं मी ते. तुमच्या केलं."

"आता निरीक्षक येईपर्यंत जरा..."

"निरीक्षक कोण?"

त्यांनी तिकिटाचं सांगितलं. दिवाळीपर्यंतच आकडा टिकवायचा होता, मग बघू, असं काहीसं. प्रतीक्षानं सगळं ऐकून घेतलं.

"या दिवाळीपर्यंत आमच्या गोठ्यात आणखी नऊ वासरं जन्मतील," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू? निरीक्षक येतोय म्हणून?"

ती गेली. त्यानंतर तिचा फोन येणं बंद झालं. दौलतरावांनी केला की ती उचलायची आणि 'आईला देते' म्हणून सासूच्या हातात फोन द्यायची. विहीणबाई हवापाण्यावर फार छान बोलायच्या.

चार दिवस दौलतरावांनी काही केलं नाही. पाचव्या दिवशी ते तन्वीच्या खोलीत जाऊन स्टुलावर बसले. "पडदा काढ. सगळं दाखव."

"कुठवर?"

"मी मेल्यावरचंबी."

काळा पडदा उडाला. रेघ उभ्या रेघेपर्यंत छताला भिडलेली होती, मग ती जिन्यावरून माणूस घसरावा तशी घसरत गेली. आधी गाईंच्या कासा सुजल्या, कारण शेवटच्या थेंबापर्यंत पिळल्या होत्या. मग त्याहून वाईट सुरू झालं: खुरटलेल्या कालवडी वेळेवर गाभण राहत नव्हत्या, राहिलेल्या दूध देत नव्हत्या. लोक गाई विकत होते, संघ पावडर आणून दूध वाढवत होता, आणि शेवटी बिनड्रायव्हरचे टँकर रिकामेच गावोगाव फिरून येत होते, शेळ्यांना मात्र इमानानं वाट देत. पडद्याच्या कोपऱ्यातल्या नकाशात शेरेवाडीच्या गोठ्यावर एक ठिपका होता. तो लहान होत होत विझला.

"हे थांबतंय का?"

"आज थांबवलं तर पुष्कळसं."

दौलतरावांच्या डोक्यात लगेच कल्पना आली. ती त्यांची जुनी खोड होती. "मग कालवडींचा सत्कार करू!"

तन्वीनं ते चालवलं. लोकांनी कालवडींना तूप-गूळ चारून इतकं फुगवलं की त्यातल्या निम्म्या गाभण राहीनात, आणि एका कालवडीला मिरवणुकीसाठी क्रेन लागली.

"मग वासरू न पाजणाऱ्याला दंड?"

लोकांनी शेजाऱ्याची वासरं भाड्यानं आणून दाखवली.

दुपार झाली. शिपाई तीनदा चहा ठेवून गेला. दौलतराव एक एक कल्पना टाकत होते, आणि प्रत्येक कल्पना तालुका आपल्या पद्धतीनं वाकवून त्यांच्याच अंगावर फेकत होता. हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की गेली वीस वर्षं ते हेच करत आले होते. फक्त तेव्हा उत्तर बघायला कुणी थांबत नव्हतं.

"लहानपणी आमची आजी कासेचा एक सड वासराला सोडायची," शेवटी ते कल्पना म्हणून नव्हे, नुसतं दमून म्हणाले. "धार काढायच्या आधी वासरू. ते पिऊन झालं की उरलेलं घरात. कुणी नियम नव्हता केला."

"वासराच्या कानातल्या बिल्ल्यावर कळतं ते पोट भरून प्यालंय का," तन्वी म्हणाली. तिनं पहिल्यांदाच जराशी उत्सुकता दाखवली. "वासरू प्यालं नसेल तर त्या वेळचं दूध संघानं घ्यायचं नाही. सत्कार नाही, दंड नाही. फक्त आधी वासरू." तिनं ते चालवलं. रेघ त्याच दिवशी धाडकन खाली आली. बराच काळ खालीच सरपटली. मग वर येऊ लागली, पण इतकी सावकाश, की ती जुन्या उंचीला पोचेपर्यंत तीन चेअरमन होऊन गेलेले असणार होते.

"आणि यात बिघडतं काय काय, तेबी दाखव," दौलतराव म्हणाले. हा प्रश्न त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा विचारला होता, त्यामुळे तो जरा अडखळत आला.

बिघडत पुष्कळ होतं. शहरातल्या मिठाईवाल्यांना दिवाळीत खवा पुरणार नव्हता. संघातली रात्रपाळी बंद पडणार होती. ज्यांच्याकडे एकच गाय होती त्यांच्या घरात पहिले सहा महिने ओढ बसणार होती. आणि निरीक्षकांच्या पुढ्यात ठेवायला आकडा राहणार नव्हता. हा शेवटचा धागा तन्वीनं स्वतःहून यंत्रात घातला होता, आणि त्याच्या टोकाला या वेळी दौलतरावांचं नाव होतं.

ते बघत बसले. मग उठून बंडीच्या खिशातून चष्मा काढला आणि एक एक बिघाड पुन्हा नीट वाचला. रात्रपाळीच्या लोकांना चीज विभागात घेता येईल का ते विचारून घेतलं. एका गाईवाल्या घरांसाठी संघाचा चारा आधी सोडायचं ठरवलं. मिठाईवाल्यांना त्यांनी स्वतः फोन केले आणि प्रत्येकाच्या शिव्या शेवटपर्यंत ऐकल्या. मधेच लाइन गेल्याचं सोंग केलं नाही.

नियम लागू झाला. चांदणीसकट सगळ्या सत्कारमूर्तींचे फ्लेक्स उतरले. बबन कोळपे संघात येऊन दौलतरावांना तोंडावर म्हणाले, "साहेब, तुम्ही माझा माइक काढून घेतलात." हा धागा यंत्रात निघाला नव्हता.

आणि तिकीट माणिकराव खरातांना मिळालं.

ते कसं मिळालं हे समजावून घ्यायला दौलतरावांना दोन वर्तमानपत्रं लागली. खुर्ची समोर असताना नको म्हणणारा माणूस ही बातमी आधी तालुक्यात पसरली, मग जिल्ह्यात, मग मुंबईला पोचली. मुंबईतल्या लोकांनी असा माणूस ऐकलासुद्धा नव्हता. 'पदाचा मोह नसलेला नेता' म्हणून त्यांची मुलाखत झाली. नव्या जाकिटात ते फार त्यागी दिसत होते.

"तुझ्या गुरुजीला हे तरी दिसलं होतं का?" दौलतरावांनी विचारलं.

"नाही," तन्वी म्हणाली. "पण आता तो शिकला. पुढच्या वेळी सगळेच नको म्हणतील, असं दाखवतोय."

"आणि प्रतीक्षा माझ्याशी कधी बोलंल? तेवढं बघ की त्यात."

तन्वीनं पडद्याकडे पाहिलं, मग दौलतरावांकडे. "ते बघायला बिल्ला नाही साहेब कुणाच्या कानात. तुम्ही जाऊन बघा."

म्हणून ते गेले. सकाळी धारेच्या वेळेला, शेरेवाडीला, सांगितल्याशिवाय. माणिकराव प्रचाराला बाहेर होते. प्रतीक्षा गोठ्यात होती, पदर खोचून. तिनं वडिलांना पाहिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं.

"तपासायला आला का? वासरं प्याल्यात. बिल्ले बघा."

"तपासायला नाही."

"मग?"

याचं उत्तर त्यांनी वाटेत तयार केलं होतं. चांगलं लांब होतं, त्यात 'परिस्थिती' हा शब्द दोनदा होता. त्यातलं आता एकही अक्षर आठवेना.

"मी झाकायला नको होतं," ते म्हणाले.

कडेला ती जुनी कालवड उभी होती, दावं चघळणारी. तिच्या बरगड्या अजून दिसत होत्या. तिच्या वयाच्या कालवडी एव्हाना कमरेइतक्या उंच असायच्या. ही मांडीशीच अडली होती. दूध पिण्याचं वय निघून गेलेलं, आणि जे तेव्हा मिळालं नाही ते आता भिजवलेल्या पेंडीनं, हातानं, थोडं थोडं भरून काढावं लागत होतं. प्रतीक्षानं पेंडीची बादली उचलली आणि वडिलांच्या पुढे धरली.

"जबरदस्ती करू नका. हातावर घ्या. ती आपणहून आली तर येईल."

दौलतराव उकिडवे बसले. मूठभर पेंड घेऊन हात पुढे केला. कालवड जागची हलली नाही. त्यांनी हात तसाच ठेवला. गुडघे बोलायला लागले. प्रतीक्षानं दुसऱ्या गाईची धार काढून संपवली, भांडं झाकलं, आणि तरी ते तसेच बसले होते. मग कालवडीनं मान लांब केली, हुंगलं, आणि खरखरीत जिभेनं तळहात साफ केला. नंतर त्यांच्या जाकिटाचा कोपरा तोंडात घेतला.

"उद्या जाकीट घालून येऊ नका," प्रतीक्षा म्हणाली.

'उद्या' हा शब्द दौलतरावांनी नीट ऐकला. त्यांनी जाकीट सोडवून घ्यायचा प्रयत्न केला नाही.

"किती दिवस यायचं?"

"ही व्याली की मग बघू."

दौलतरावांनी जन्मभराच्या सवयीनं मनातल्या मनात हिशेब मांडला: अजून दीड वर्ष, कदाचित दोन, तोवर चेअरमन कोण, आमदार कोण, कुणाचं नाव कुठं. हिशेब कालवडीपाशी येऊन मोडला, कारण तिनं जाकिटाचं बटण तोडून गिळलं होतं.

"आबा, पेंड," प्रतीक्षा म्हणाली.

त्यांनी बादलीत हात घातला.